बिडीचा हाडाशी काय संबंध?

नडगीत सळई बसवलेला पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉकर घेऊन वॉर्डाच्या मागच्या जिन्यापर्यंत जातो, तेव्हा फिजिओथेरपिस्टनं खूश व्हायचं कारण नसतं. तो बिडी ओढायला गेलेला असतो. सिस्टरनं हटकलं तर उत्तर तयार असतं : "पाय मोडलाय सिस्टर, छाती नाय." हा युक्तिवाद एकट्या पेशंटचा असता तर हसून सोडून देता आला असता. पण नातेवाईकही तोच करतात आणि 'एवढ्या दुखण्यात तेवढाच विरंगुळा' म्हणत स्वतः बंडल आणून देतात. डॉक्टरांकडे केसपेपरवर 'धूम्रपान : आहे' अशी नोंद होते, "जमलं तर सोडा" एवढं एक वाक्य बोललं जातं आणि बोलणं इम्प्लांट कुठल्या कंपनीचं घ्यायचं याकडे वळतं.

या सगळ्यांच्या मनात एक वाटणी पक्की झालेली आहे. तंबाखू हे फुप्फुसाचं, हृदयाचं, तोंडाच्या कर्करोगाचं प्रकरण. हाड हे प्लेट-स्क्रूचं आणि सर्जनच्या हाताचं प्रकरण. ही वाटणी चुकीची आहे. हाडाच्या किंवा सांध्याच्या ऑपरेशनच्या आगेमागे काही आठवडे धूर बंद राहणं हा उपचाराचाच भाग आहे, भूल किंवा अँटिबायोटिक जितका आहे तितकाच. आणि उपचाराचा भाग असल्यामुळे तो पेशंटच्या मनोनिग्रहावर सोडून देऊन डॉक्टरांना मोकळं होता येत नाही. याविरुद्ध जे मुद्दे नेहमी ऐकू येतात त्यांतले काही साफ चुकीचे आहेत, काही अर्धे खरे. त्रास अर्ध्या खऱ्यांचाच जास्त होतो.

हाड म्हटलं की डोळ्यांपुढे वाळका, पांढरा सांगाडा येतो आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. जिवंत माणसाचं हाड ओलं असतं, त्यात रक्त खेळत असतं, ते सतत झिजत आणि नव्यानं घडत असतं. मोडल्यावर त्या जागी आधी रक्ताची गाठ जमते. त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, त्यात कॅल्शियम भरत जातं आणि काही महिन्यांनी हाडाला मूळचा घाट येतो. प्लेट, सळई आणि स्क्रू हाड जोडत नाहीत, ते तुकडे जागेवर धरून ठेवतात. सेंट्रिंग स्लॅबला नुसतं पेलून धरतं, स्लॅब पक्का होतो तो रोज मारलेल्या पाण्यानं. हाडाच्या बाबतीत ते पाणी म्हणजे रक्तातून येणारा ऑक्सिजन. तो कमी पडला तर सळई कितीही महागाची असो, हाड धरत नाही आणि महिनोन्‌महिने ताण सोसून शेवटी सळईच तुटते.

धूर नेमका या पुरवठ्यावर घाव घालतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्तातली तेवढी जागा अडून बसते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. हायड्रोजन सायनाइडमुळे पेशींना मिळालेला ऑक्सिजनही नीट वापरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी १९९१ साली निरोगी स्वयंसेवकांच्या दंडाच्या त्वचेखाली सूक्ष्म नळी घालून ऑक्सिजनचा दाब मोजला. दहा मिनिटं सिगारेट ओढल्यावर तो सरासरी ६५ मिलिमीटरवरून ४४ वर आला आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते पाऊण तास लागला. आता गणित करावं. दिवसाला वीस सिगारेटी आणि जागेपणाचे सोळा तास धरले तर दर ४८ मिनिटांनी एक सिगारेट येते. म्हणजे पहिलीचा परिणाम ओसरतो न ओसरतो तोच दुसरी पेटलेली असते. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर मांस नाहीच, थेट कातडी आहे. जिथं चांगल्या दिवसांतही रक्तपुरवठा बेताचाच असतो, तिथं दिवसभर अशी ओढाताण चालते.

यावर पहिला प्रतिवाद घरातूनच येतो. अमक्याचे मामा दिवसाला दोन बंडलं ओढायचे, मांडीचं हाड मोडलं, तरी वेळेत चालायला लागले. मामा खरे आहेत, त्यांचं हाडही खरंच जुळलेलं आहे. धूम्रपान करणाऱ्या बहुतेकांची हाडं जुळतात, हे कुणीच नाकारलेलं नाही. प्रश्न न जुळणाऱ्यांचं प्रमाण किती वाढतं हा आहे, आणि त्याचं उत्तर एका मामांकडे पाहून मिळत नाही. अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा सेंटरांत पायाच्या गंभीर दुखापतींचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यातल्या नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या २६८ पेशंटांची आकडेवारी २००५ साली प्रसिद्ध झाली. ओढणाऱ्यांचं हाड जुळण्याची शक्यता कधीच न ओढलेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी होती. जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता दुपटीहून जास्त आणि तो संसर्ग हाडातच उतरण्याची जवळजवळ पावणेचार पट. हाडात पू धरणं म्हणजे काय, हे ज्या घरानं पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही : पुन्हा ऑपरेशन, हाड खरवडणं, महिनोन्‌महिने सलाइन, आणि नाइलाज झाला तर पाय काढणं.

पाठीच्या कण्याची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथं दोन मणके मुद्दाम एकत्र जुळवायचे असतात. अमेरिकेतच १९८६ साली अशा ऑपरेशननंतर ५० धूम्रपान करणारे आणि ५० न करणारे पेशंट तपासले गेले. मणके न जुळल्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांत ८ टक्के होतं, ओढणाऱ्यांत ४० टक्के.

इथं हुशार माणूस हात वर करतो. त्याचा आक्षेप मामांच्या गोष्टीपेक्षा फार वजनदार आहे. बिडी ओढणारा माणूस बहुधा कष्टकरी, कमी मिळकतीचा. त्याचं जेवण निकृष्ट, दारूचीही सवय असण्याची शक्यता, आणि पूर्ण बरा होण्याआधीच तो कामावर परतणार. मग हाड जुळलं नाही याचा दोष बिडीचाच कशावरून? गरिबीचा का नसावा? नुसतं निरीक्षण करून काय काय 'सिद्ध' होतं याचं एक गमतीदार उदाहरण अस्थिशास्त्रातच आहे. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासातून १९८९ साली असं दिसलं की, धूम्रपान करणाऱ्यांत गुडघ्याची झीज कमी आढळते. सिगारेटप्रेमींना एवढं पुरेसं होतं. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा हा 'फायदा' मुख्यतः तुलनेसाठी निवडलेल्या माणसांच्या गफलतीतून आल्याचं दिसलं. तुलनेला हॉस्पिटलातले इतर रुग्ण घेतले की त्यांत धूम्रपानानंच आजारी पडलेले भरपूर निघतात, आणि त्यांच्या शेजारी गुडघेदुखीवाले आपोआप कमी ओढणारे ठरतात. त्यामुळे निरीक्षणावर संशय घेणारा माणूस चुकीचा नाही. फक्त तो संशय २००२ सालाच्या पुढे नेता येत नाही.

त्या वर्षी कोपनहेगनच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग छापला. खुबा किंवा गुडघा बदलण्यासाठी नाव लावलेले १२० धूम्रपान करणारे पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची यदृच्छेनं दोन गटांत वाटणी केली. अशा वाटणीत गरीब-श्रीमंत, दारू पिणारे-न पिणारे, म्हातारे-तरुण दोन्हीकडे सारखेच विभागले जातात, म्हणून वरचा आक्षेप इथं गळून पडतो. एका गटाला नेहमीप्रमाणे ऑपरेशनला नेलं. दुसऱ्या गटाला सहा ते आठ आठवडे आधीपासून दर आठवड्याला एक नर्स भेटायची, सोडण्यासाठी मदत करायची, निकोटीनचे पॅच किंवा च्युइंगम द्यायची. नर्स, पॅच आणि बोलणं, यापलीकडे त्यात काहीही नव्हतं. नेहमीच्या गटात ५२ टक्के पेशंटांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली. नर्सच्या गटात १८ टक्क्यांना. जखमेच्या तक्रारी ३१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. आणि या दुसऱ्या गटात सगळ्यांनी सोडली होती असंही नाही. न सोडलेले, नुसती कमी केलेले असे सगळे धरून हा हिशेब आहे.

या प्रयोगात लहानसहान तक्रारीही मोजल्या होत्या, म्हणून आकडे मोठे दिसतात. संख्या थोडी होती, हेही खरं. पण स्टॉकहोममध्ये हर्निया, पित्ताशय आणि सांधेबदलाच्या पेशंटांवर असाच प्रयोग झाला, तिथं मदत ऑपरेशनच्या फक्त चार आठवडे आधी सुरू केली होती. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले : गुंतागुंत ४१ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर. दोन शहरं, दोन चमू, निष्कर्ष एकच.

आकडे कळणारा विरोधक यावर अमेरिकेची एक मोठी नोंदवही पुढे करतो. सांधे बदललेल्या ७८,१९१ पेशंटांत जखमेची गुंतागुंत न ओढणाऱ्यांना १.१ टक्के आणि ओढणाऱ्यांना १.८ टक्के, एवढाच फरक! शंभरात एकाहूनही कमी; एवढ्यासाठी माणसाची बिडी काढून घ्यायची? दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. ही नोंदवही ऑपरेशननंतरचे फक्त ३० दिवस पाहते, तर बदललेल्या सांध्यातला संसर्ग कित्येकदा महिन्यांनी उघडा पडतो. दुसरं म्हणजे त्यातला एक पेशंट कोण असेल हे आधी कळत नाही. ज्याच्या कृत्रिम गुडघ्यात पू होतो त्याला तो सांधा बहुधा काढून घ्यावा लागतो, काही आठवडे सिमेंटच्या तात्पुरत्या ठोकळ्यावर काढावे लागतात आणि मग पुन्हा नवा बसवावा लागतो. शंभरातल्या एकालाही हे टाळता येत असेल, आणि टाळायचा खर्च नर्सचा वेळ आणि च्युइंगमची पाकिटं एवढाच असेल, तर 'एवढ्यासाठी' हा शब्द वापरायचा कुणी?

आता सगळ्यात लाडका मुद्दा, जो पेशंटपेक्षा डॉक्टरांच्याच तोंडी जास्त असतो : तीस वर्षं ओढलीय, आता दोन-चार आठवडे सोडून काय उपयोग? उलट ऐनवेळी सोडली तर कफ वाढतो, भुलीला त्रास होतो. या समजुतीचा उगम सापडतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८९ साली हृदयाच्या बायपासच्या २०० पेशंटांचा अभ्यास छापला. त्यात आठ आठवड्यांच्या आत सोडलेल्यांना फुप्फुसाच्या तक्रारी चालू ठेवणाऱ्यांपेक्षाही जास्त झालेल्या दिसल्या. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकणारा नव्हता, पण 'ऐनवेळी सोडू नका' हा निष्कर्ष मात्र दोन पिढ्यांच्या डॉक्टरांनी पाठ केला. २०११ साली नऊ अभ्यास एकत्र करून हाच प्रश्न तपासला गेला, तेव्हा ऑपरेशनच्या थोडं आधी सोडल्यानं नुकसान होतं याला आधार मिळाला नाही.

उपयोग होतो का, याचं उत्तर तासांत आणि आठवड्यांत वेगवेगळं आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातून दर चार-सहा तासांना निम्मा होतो, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडली तरी रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद सुधारते. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची क्षमता परत यायला सुमारे चार आठवडे लागतात. त्यामुळे फार उशिरा सुरुवात केली तर जखमेचा फायदा हाती लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. डेन्मार्कमध्ये स्तनाच्या ऑपरेशनच्या दोन दिवस आधीपासून दहा दिवस नंतरपर्यंत सोडवण्याचा एक प्रयोग झाला, त्यात गुंतागुंत कमी झाली नाही. 'आता सोडून काय' हा मुद्दा दोन दिवसांपुरता अर्धा खरा आहे. ऑपरेशनची तारीख मात्र बहुतेकांना महिना-दोन महिने आधी मिळालेली असते.

अपघाताचं काय? मोडलेल्या पायाला आठ आठवडे थांब म्हणता येत नाही. म्हणूनच स्टॉकहोमच्याच दुसऱ्या एका प्रयोगाकडे इथल्या प्रत्येक ट्रॉमा वॉर्डानं बघायला हवं. तातडीच्या फ्रॅक्चरसाठी ऑपरेशन झालेल्या १०५ धूम्रपान करणाऱ्यांना घेतलं आणि अर्ध्यांना दाखल झाल्यापासूनच सहा आठवडे सोडण्यासाठी मदत केली. गुंतागुंत ३८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आधी एकही दिवस मिळाला नव्हता, तरी. कण्याच्या ऑपरेशनच्या ३५७ पेशंटांच्या २००० सालच्या एका अभ्यासातही हेच दिसतं : नंतर ओढत राहिलेल्यांपैकी २६.५ टक्क्यांचे मणके जुळले नाहीत, सहा महिन्यांहून जास्त सोडलेल्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं, आणि न ओढणाऱ्यांत १४.२. कामावर परतण्यात तर सोडलेले लोक कधीच न ओढणाऱ्यांच्या बरोबरीला आले. हाड जुळण्याचं काम ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यावर सुरू होतं. त्यामुळे 'आता' हा शब्द उशिराचा होतच नाही.

तडजोडीचा एक मार्ग घरोघरी सुचवला जातो : एकदम नको, दहाच्या चार कर. कोपनहेगनच्या प्रयोगातल्या १४ जणांनी हेच केलं होतं. पूर्ण सोडलेल्यांना जो फायदा मिळाला तो त्यांना मिळाला नाही. कारण समजणं अवघड नाही. कमी केलेला माणूस उरलेली प्रत्येक बिडी जास्त खोल ओढतो आणि शरीराला हवं तेवढं निकोटीन वसूल करतो. बिडी तर मुळातच सारखी विझणारी, दर थोड्या वेळानं झुरका मागणारी. ती सिगारेटपेक्षा छोटी आणि 'पानातली' म्हणून सौम्य, ही समजूत तिच्या धुराला लागू पडत नाही.

मग पॅच आणि च्युइंगमवर संशय येतो. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं असं वर म्हटलंय. तेच निकोटीन औषध म्हणून कसं चालेल? कित्येक सर्जन या कारणानं पॅच लावू देत नाहीत, आणि पेशंट पुन्हा मागच्या जिन्याकडे वळतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शुद्ध निकोटीननं हाड आणि स्नायुबंध जुळायला उशीर होतो, हे खरं. माणसांत मात्र वेगळं चित्र आहे. डेन्मार्कमध्ये २००३ साली छापलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या त्वचेवर छोट्या चिरा देऊन पाहिलं. ओढणाऱ्यांच्या १२ टक्के जखमा चिघळल्या, कधीच न ओढणाऱ्यांच्या २ टक्के. चार आठवडे सोडल्यावर चिघळण्याचं प्रमाण उतरलं, आणि सोडणाऱ्याला निकोटीनचा पॅच होता की नुसता रिकामा, यानं काहीच फरक पडला नाही. धुरात हजारो रसायनं आहेत, पॅचमध्ये एक. दोन्ही एका तराजूत टाकणं म्हणजे पेशंटला धुराकडे परत ढकलणं आहे.

निकोटीन आणि धूर यांतला हा फरक महाराष्ट्रासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण इथं हाडाच्या पेशंटच्या खिशात बिडीपेक्षा पुडीच जास्त वेळा सापडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक ओढतात, तर २४.४ टक्के तंबाखू खातात किंवा दाताला लावतात : मळलेला तंबाखू-चुना, खर्रा, मिश्री, आणि २०१२ पासून बंदी असूनही गुटखा. केसपेपरवरच्या 'धूम्रपान करता का?' या प्रश्नाला हा माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. मिश्री लावणाऱ्या आजींना तर तो प्रश्न आपल्याला विचारलाय असंही वाटत नाही.

'मग खाणाऱ्याला काय भीती?' असं म्हणणाऱ्याच्या बाजूनं एक पुरावा आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. स्वीडनमध्ये गुडघ्याची ठेवण सरळ करण्यासाठी हाड कापून बाहेरून फ्रेम लावतात आणि हळूहळू ताणत नवं हाड घडवतात. २००४ साली तिथं दिसलं की, ओढणाऱ्यांना ही फ्रेम सरासरी १६ दिवस जास्त ठेवावी लागते. तिथल्याच डॉक्टरांनी २००७ साली ओठाखाली तंबाखू ठेवणारे पुरुष तपासले, तेव्हा त्यांना असा उशीर झालेला दिसला नाही. पण स्वीडनचा हा 'स्नूस' वाफेवर प्रक्रिया केलेला, कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स मुद्दाम कमी राखलेला असतो. त्याचा दाखला देऊन चुना-तंबाखू किंवा सुपारीचा खर्रा निर्दोष ठरत नाही. चुन्यानं निकोटीन तोंडातून जास्त झपाट्यानं रक्तात उतरतं. वर्षानुवर्षं सुपारी आणि गुटखा खाणाऱ्याचं तोंड आतून आवळत जातं, दोन बोटंसुद्धा जात नाहीत. अशा माणसाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं हे भूलतज्ज्ञापुढचं सर्वांत अवघड काम होऊन बसतं. शिवाय खाणारे कित्येक जण ओढतातही. म्हणून विचारायचा प्रश्न 'तंबाखू कशी घेता?' हा हवा.

इतकं मान्य झालं की काही जण दुसऱ्या टोकाला उडी मारतात : मग ओढणाऱ्यांचं ऑपरेशनच करू नये. हा मुद्दा हवेतला नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं जानेवारी २००७ मध्ये यावर दोन बाजू छापल्या होत्या. सिडनीचे मॅथ्यू पीटर्स यांनी नाकारण्याच्या बाजूनं लिहिलं, बॉस्टनचे लेनर्ड ग्लँट्झ यांनी विरोधात. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातल्या आरोग्य यंत्रणेनं ते धोरणच केलं : धूम्रपान सोडल्याशिवाय तातडी नसलेल्या ऑपरेशनला पाठवायचं नाही, आणि खात्री करायला श्वास तपासायचा. शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजनं त्याला विरोध केला.

विरोध योग्य होता. वर दिलेल्या एकाही प्रयोगात कुणाला ऑपरेशन नाकारलेलं नव्हतं. गुंतागुंत निम्म्यावर आली ती मदतीमुळे. नाकारायला लागलं की पेशंट खोटं बोलायला शिकतो, आणि सर्जनच्या हातातली सर्वांत उपयोगी माहिती जाते. लघवीतल्या कोटिनिनची तपासणी करून पकडायचं म्हटलं तर पॅच लावून प्रामाणिकपणे सोडणाराही त्यात 'गुन्हेगार' ठरतो, कारण कोटिनिन निकोटीनपासूनच बनतं. आणि खुब्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बिडी सुटेपर्यंत तसंच ठेवलं, तर तिचे स्नायू, तिची साखर आणि तिचं मन यांचं जे होईल ते तंबाखूच्या हिशेबात कुणी धरणार नाही. तातडी नसेल तर सोडण्याची मदत देऊन चार-सहा आठवडे तारीख पुढे नेणं वेगळं. मदत न देता दार लावून घेणं वेगळं. एकात डॉक्टर पेशंटबरोबर काम करतो, दुसऱ्यात त्याला शिक्षा करतो.

या दोन टोकांच्या मधली जागा आपल्याकडे जवळजवळ रिकामी आहे. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसतं की, वर्षभरात आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच 'सोडा' असं सांगितलं गेलं. तंबाखू खाणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांना. ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक सोडण्याच्या विचारात होते, हेही तिथंच नोंदलेलं आहे. म्हणजे ऐकायला तयार असलेला माणूस समोर बसलेला असतो आणि सांगणारा गप्प असतो. ऑपरेशनची तारीख ठरते त्या दिवशी तर तो सर्वांत जास्त ऐकायच्या मनःस्थितीत असतो, कारण पहिल्यांदाच तंबाखूचा तोटा वीस वर्षांनंतरच्या कर्करोगाच्या रूपात न येता पुढच्या महिन्यातल्या टाक्यांच्या रूपात त्याच्यापुढे उभा असतो.

मदतीची साधनं नाहीत, ही सबब आता चालणारी नाही. २०२२ सालच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत निकोटीनच्या पर्यायी औषधांचा समावेश झालेला आहे. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे. कोपनहेगनच्या प्रयोगाचं काम एका नर्सनं केलं होतं. इथल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात इम्प्लांटचे बॉक्स मोजायला माणूस असतो, विम्याचे कागद करायला माणूस असतो. आठवड्यातून एकदा तंबाखूवाल्या पेशंटांना फोन करायला मात्र नसतो.

गुडघा बदलायला आलेल्या मधुमेहीची साखर तीनशेच्या वर निघाली तर कुठलाही सर्जन "जमलं तर कमी करा" म्हणून त्याला टेबलावर घेत नाही. फिजिशियनकडे पाठवतो, गोळ्या वाढवतो, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासतो, मग तारीख देतो. पेशंटही कुरकुर करत नाही, कारण साखर हा आजार आहे हे दोघांनी मान्य केलेलं असतं. तंबाखूचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात आजार म्हणूनच नोंदलेलं आहे. त्यालाही तीच वागणूक हवी : पहिल्या भेटीत कशी आणि किती घेता याची नोंद, च्युइंगम किंवा गोळीचं प्रिस्क्रिप्शन, घरच्यांना वॉर्डात बंडल न आणण्याची स्पष्ट सूचना, दर आठवड्याला एक फोन, आणि हे सगळं हाड धरल्याचं एक्स-रेवर दिसेपर्यंत. ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात या कामाची एक ओळ लिहिली, तर इम्प्लांटच्या किमतीपुढे ती रक्कम नजरेतही भरणार नाही.